गडावरची आणि गडाखालची: अद्भुतकथेत विषम मैत्री कशी लिहावी

अद्भुतकथा लिहिणाऱ्या नव्या मुलामुलींची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत एक जोडी हमखास असते. राजपुत्र आणि मोतद्दाराचा पोरगा, जादूगाराची मुलगी आणि तिची दासी, सरदार आणि चोर. पहिल्या प्रकरणात भेट होते, दुसऱ्यात दोघं एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होतात, आणि तिसऱ्यापासून दोघांमधला फरक कपड्यांपुरता उरतो. एकाच्या अंगावर जरी, दुसऱ्याच्या अंगावर ठिगळ. बोलणं सारखं, भूक सारखी, भीतीसुद्धा सारखीच. वाचताना हळहळ वाटते, कारण अशी जोडी निवडली तेव्हा लेखकाच्या हाताला फार मोठं काहीतरी लागलेलं असतं आणि ते तसंच निसटून जातं.

माझं सांगणं एवढंच आहे, की विषम मैत्रीत एकच गोष्ट दोघांना वेगवेगळ्या भावाने पडते. राजपुत्र आणि मोतद्दाराचा पोरगा रात्री गुपचूप घोडे काढून रानात गेले, असं समजा. पकडले गेल्यावर राजपुत्र आईची बोलणी खाईल. पोराच्या बापाची पागेतली चाकरी जाईल, आणि चाकरीबरोबर पागेमागची राहती खोलीही. साहस एकच, किंमत निराळी. प्रत्येक प्रसंगात ही किंमत शोधायची आणि ती कोणी भरली ते लिहायचं. पुढे मी जे सांगणार आहे तो सगळा या एका कामाचा तपशील आहे.

आधी फरक नीट बांधा

'गरीब' आणि 'श्रीमंत' या दोन शब्दांवर कथेचं जग उभं राहत नाही. फरक रोजच्या व्यवहारात कसा चालतो ते ठाऊक हवं.

मी साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी करते. गाळप हंगामाच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्यांचे करार होतात, मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम वाटतो, आणि हिशेबात नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून धरली जाते. माणसं दोन, मोजणी एक. तोडणं, मोळ्या बांधणं, गाडी भरणं, सगळं त्या एका कोयत्याच्या नावावर. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, विकून जे चार पैसे सुटतात ते मात्र थेट हातात पडतात. असा एखादा व्यवहार तुमच्या कल्पनेतल्या राज्याला द्या. कोणाची मोजणी माणूस म्हणून होते, कोणाची अवजार म्हणून, आणि त्या मोजणीबाहेर कोणाच्या हातात काय राहतं, एवढं ठरवलंत तरी तुमचा प्रदेश खरा वाटायला लागेल.

वाचायचं झालं तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' वाचा. १९१५ सालचा ग्रंथ आहे. कोणत्या बलुतेदाराने गावाचं कोणतं काम करायचं, त्याबदली खळ्यावर त्याचा हक्क किती, थोरल्या कासेत म्हणजे वरच्या प्रतीत कोण आणि धाकट्या कासेत कोण, हे त्यात बारकाईने आहे. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला मी हा ग्रंथ राक्षस-पऱ्यांच्या कोशाआधी हातात देते.

मग आपल्या जगाला प्रश्न विचारायचे. पाणी आधी कोण भरतं? उधारी कोणाच्या वहीत लिहिली जाते, आणि ती वही वाचता कोणाला येते? कोण कोणासमोर बसू शकतं? आजारी पडलं तर कोणाच्या घरी वैद्य येतो आणि कोणाला वैद्याच्या दारात ताटकळावं लागतं? मेल्यावर कोणाला कुठे पुरतात किंवा जाळतात? सगळी उत्तरं कथेत यायची गरज नाही. तुम्हाला मात्र ती माहीत हवीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मराठीत दर्जा म्हटलं की जात येतेच. खऱ्या जातींना नुसती काल्पनिक नावं चिकटवून तेच अपमान परत लिहू नका. ज्यांनी ते सोसले त्यांना त्यातून काहीच मिळत नाही. पण शिवणं, पाणी आणि दार या तीन जागी माणसाला कसं अडवलं जातं ते मात्र गंभीरपणे घ्या. सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. त्या भाषेत लिहिताना तळं आणि विहीर नुसती देखाव्यापुरती राहू शकत नाही.

जादू कोणाच्या खर्चाने चालते

उदाहरणासाठी मी एक जग बांधते आणि शेवटपर्यंत तेच वापरते.

धारागड नावाचा किल्ला आहे. गडावर मेघवाचक राहतात. बुरुजावर उभं राहून ते वचन म्हणतात आणि पाऊस येतो. गडाची टाकी भरतात, बागा हिरव्या राहतात, मेघवाचकांना मान मिळतो. गडाखाली पेठ आहे, तिथे पखाली, म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारे, राहतात. वचन कमी पडतं त्या महिन्यांत ते पखालीत पाणी भरून चारशे पायऱ्या चढतात. इरा ही मेघवाचकाची मुलगी, सखू ही पखालीची.

इथपर्यंतचं जग कोणालाही सुचेल. आता त्यात किंमत घालायची. गडावर बोलावलेला पाऊस आकाशातून फुकट येत नाही, तो खालच्या विहिरींतून ओढला जातो. प्रत्येक वचनानंतर पेठेतलं पाणी थोडं खाली जातं. गडावर हे कोणालाच माहीत नाही, कारण तिथे कोणी विहिरीवर जात नाही. पेठेत सगळ्यांना माहीत आहे, कारण सखूचा बाप दोराला गाठी मारून ठेवतो आणि दर पावसानंतर पाणी पुढच्या गाठीला लागतं.

असं केल्याने जादू आणि दर्जा एकाच दाव्याला बांधले गेले. इराला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान आहे, तीच गोष्ट सखूच्या घरातलं पाणी पळवते. दोघी जिवलग आहेत आणि दोघींपैकी कोणीही वाईट नाही. कथा इथून सुरू होते.

तुमच्या जगातली जादू यापेक्षा वेगळी असेल. प्रश्न मात्र हाच विचारा: हा दिवा पेटतो तेव्हा तेल कोणाच्या घरचं जळतं?

भेट कुठे होते, आणि ती जागा सुटते कधी

वेगवेगळ्या थरांतली दोन माणसं सहज मित्र होत नाहीत. त्यांना एकत्र आणणारी एखादी जागा लागते, जिथे फरक काही काळ बाजूला राहतो. आपल्या जुन्या कथांनी ही जागा फार चांगली ओळखली होती: गुरूचा आश्रम. कृष्ण आणि सुदामा सांदीपनींकडे एकत्र शिकले. गुरुपत्नीने सरपण आणायला पाठवलं, वादळ आलं, रात्रभर दोघं हात धरून रानात भटकले आणि उजाडताना गुरू शोधत आले. त्या रात्री दोघांना थंडी एकसारखी वाजली. द्रोण आणि द्रुपदही भरद्वाजांच्या आश्रमात बरोबर वाढले, आणि माझं राज्य तुझंही असेल, असं द्रुपदाने शिकत असतानाच सांगून टाकलं.

खरी गोष्ट आश्रम सुटल्यावर घडते, आणि ती दोन कथांत अगदी उलट घडते. म्हणून नव्या लेखकाने या दोन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात.

भागवताच्या दहाव्या स्कंधात सुदाम्याची बायको शेजारपाजारहून चार मुठी पोहे मागून आणते आणि चिंधीत बांधून देते. द्वारकेचं वैभव बघून त्याला ती पुरचुंडी पुढे करवत नाही. कृष्ण ती ओढून घेतो. एक मूठ खातो, दुसरी उचलतो, तेवढ्यात हात धरला जातो, पुरे म्हणून. लोकांना पुढचा वाडा लक्षात राहतो. लेखकाने त्या चार मुठींकडे बघावं. त्या घरच्या नव्हत्या, मागून आणलेल्या होत्या. मित्राच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून एक बाई चार दारं फिरली. विषम मैत्रीत घरातलं तिसरं माणूस असं किंमत भरत असतं, आणि नव्या कथांमध्ये नेमकं तेच माणूस गायब असतं.

द्रोणाची गोष्ट याहून कडू आहे. श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना बघून अश्वत्थामा दूध मागतो. घरात दूध नाही, म्हणून पोरं त्याला पाण्यात कालवलेलं पीठ देतात आणि तो दूध प्यालो म्हणून आनंदाने नाचतो. बापाला ते बघवत नाही. तो जुन्या मित्राकडे जातो आणि द्रुपद सांगतो, की राजाची मैत्री राजाशीच होते. पुढे शिष्यांकरवी द्रुपदाला पकडून आणल्यावर द्रोण अर्धं राज्य ठेवून घेतो, आणि कारण सांगतो ते असं: राजा नसलेला राजाचा मित्र होऊ शकत नाही असं तूच म्हणालास, म्हणून मी राजा झालो. या वाक्यात सूड आहे आणि मैत्रीची भूकही आहे. तुमच्या कथेतल्या खालच्या मित्राला असं एखादं वाक्य सापडलं तर ते सोन्याने मढवा.

एक गडावर आणि एक पेठेत राहणाऱ्या इरा-सखूला आश्रम नाही. त्यांची जागा मी पायऱ्यांवर ठेवली. दोनशेव्या पायरीला एक वळण आहे, तिथे पखाली दम खायला टेकतात आणि गडावरच्या मुली करवंदं तोडायला उतरतात. वरून दिसत नाही, खालूनही दिसत नाही. अशी जागा शोधून काढायला लेखकाला थोडं भटकावं लागतं, पण ती सापडली की भेटी आपोआप सुचतात.

देणं आणि त्याचं ओझं

वरचा मित्र खालच्याला काहीतरी देतो, हा प्रसंग प्रत्येक हस्तलिखितात असतो. तलवार देतो, घोडा देतो, कैदेतून सोडवतो. खालचा गहिवरतो. प्रकरण संपतं. इथे थांबू नका, कारण देण्यानंतरच मैत्री अवघड होते.

आदिपर्वातला शस्त्रपरीक्षेचा प्रसंग बघा. कर्णाला कुळ विचारलं जातं, त्याची मान खाली जाते, दुर्योधन जागच्या जागी त्याला अंगदेशाचा राजा करतो. याबदली तुला काय हवं, असं कर्ण विचारतो. दुर्योधन म्हणतो, अखंड सख्य. इतक्या मोठ्या देण्याची इतकी साधी मागणी, आणि तीच मागणी आयुष्यभर फिटत नाही. पण मला या प्रसंगात सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. अधिरथ येतो. सूत, म्हातारा, घामाने भिजलेला, काठी टेकत, उपरणं घसरलेलं. नुकताच राजा झालेला कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाने ओलं झालेलं डोकं बापाच्या पायांवर ठेवायला वाकतो. अधिरथ संकोचून आपले पाय वस्त्राच्या टोकाने झाकतो. आणि भीम ओरडतो, हातात चाबूक घे, तोच तुला शोभतो.

बाप मैदानात आला आणि तिघांचं खरं रूप एका क्षणात उघडं पडलं: मुलाला बापाची लाज वाटत नाही, बापाला मात्र मुलाच्या मोठेपणाचं भय वाटतं, आणि बघणाऱ्यांना फक्त चाबूक दिसतो. म्हणून सांगते, खालच्या मित्राचे आईबाप कथेत आणा. अनाथ पोर लिहिणं सोपं जातं, कारण त्याच्या मागे कोणी ओढणारं नसतं. पण ज्याला बाप आहे, धाकटी बहीण आहे, घेणेकरी आहेत, त्याची निष्ठा वाटली जाते, आणि वाटल्या गेलेल्या निष्ठेतूनच प्रसंग निघतात.

परतफेडीचाही विचार करा. ज्याच्याकडे काही नाही तो काय देतो? बहुतेक लेखक त्याला एकच नाणं देतात, प्राण. मला ते पटत नाही. माहिती, कौशल्य, वेळ, मौन, आणि नकार, एवढ्या गोष्टी खालच्या माणसाकडे असतात. सखूकडे दोराच्या गाठींचं ज्ञान आहे. ते इराला सांगावं की नाही, हा तिचा अधिकार आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

स्वयंपाकाची भांडी कोणाच्या पाठीवर आहेत

प्रवासाच्या कथेत हा प्रश्न फार उपयोगी पडतो. टोलकीनच्या १९५४-५५ मध्ये आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकादंबरीतला सॅम हा नायक फ्रोडोच्या घरचा माळी. घराण्याने माळीकाम करणारा. त्याला अक्षरओळख करून दिली ती फ्रोडोच्या वडीलधाऱ्या बिल्बोने, आणि म्हाताऱ्या बापाला त्याचीही थोडी धास्तीच वाटते. प्रवासात सॅम भांडी आणि मीठ वाहतो. शेवटच्या ओसाड मुलखात ओझं कमी करायचं म्हणून तो ती भांडी भेगेत टाकून देतो, आणि त्यांचा खणखणाट त्याच्या काळजाला लागतो. टोलकीन स्वतः पहिल्या महायुद्धात अधिकारी होता, आणि तिथे पाहिलेले साधे शिपाई व अधिकाऱ्यांच्या सेवेतले सैनिक सॅममध्ये उतरले असं त्याने सांगितलं आहे. म्हणून ती भांडी खरी वाटतात. ज्याने कोणाला आपलं सामान वाहताना रोज बघितलं आहे, त्यालाच असं सुचतं.

सॅमला स्वतःचं स्वप्नही आहे, हे विसरू नका. मोहाची अंगठी त्याच्या हाती येते तेव्हा त्याला अख्ख्या राज्याएवढी बाग दिसते, आणि आपल्याला आपल्या हातांनी खपता येईल एवढीच बाग पुरे हे तो ओळखतो. मोहसुद्धा माळ्याचाच आहे. खालच्या मित्राला 'मालकाचं भलं व्हावं' यापलीकडे स्वतःची इच्छा हवी, नाहीतर तो मित्र राहत नाही, गडी होतो. माझ्या मते आज लिहिणाऱ्याने एक पाऊल पुढेही टाकावं. सॅम शेवटपर्यंत 'मिस्टर फ्रोडो' म्हणतो आणि ते त्या जगाला साजतं. तुमच्या जगात ते का साजतं, किंवा का खुपतं, याचं उत्तर तुम्ही दिलं पाहिजे.

अहो-जाहो आणि अरे-तुरे

आपल्या भाषेने इथे मोठी सोय केली आहे. कोण कोणाला काय म्हणतं आणि ते कधी बदलतं, एवढ्यावर मैत्रीचा सगळा आलेख काढता येतो.

लिहायच्या आधी चार रकाने पाडा: दोघी एकट्या असताना, घरच्यांसमोर, चारचौघांत, आणि रागात. इरा सखूला चारही ठिकाणी 'सखू' म्हणते, 'तू' म्हणते. तिला कधी बदलावंच लागत नाही, हीच तिची मिजास, तिला स्वतःला न कळलेली. सखू एकटी असताना 'इरे' म्हणते. गडावरचं कोणी दिसलं की 'ताईसाहेब, आपण'. आपल्या आईसमोर ती इराचा उल्लेख 'मेघवाचकांची मुलगी' असा करते. आणि रागात? एकटीत असूनही 'ताईसाहेब'. म्हणजे तिला 'मला राग आलाय' असं सांगावं लागत नाही.

घराच्या उंबऱ्यालाही हाच नियम लावा. मी कारखान्याच्या कॉलनीत वाढले. हंगामात टोळीबरोबर येणारी माझ्या वयाची एक मुलगी रोज खेळायला यायची. आई तिला चहा-चपाती द्यायची, मायेने द्यायची, पण ती मुलगी मागच्या ओट्यावरच बसायची. आत ये असं कोणी म्हणालं नाही आणि येऊ नको असंही नाही. मी तिच्या कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, मात्र थेट चुलीपाशी जाऊन बसायचे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की त्यांचं बिऱ्हाड गाडीवर चढायचं. लिहायला लागल्यावर मला कळलं, की एका घरात मुभा आणि दुसऱ्या घरात ओटा, हे एवढं नुसतं दाखवलं तरी वाचकाला सगळं कळतं. त्यावर पात्रांनी भाषण करायची गरज उरत नाही.

एक प्रसंग जवळून

इराने पहिल्यांदा एकटीने पाऊस आणला आहे. ती धावत पेठेत येते.

"बघितलंस? एकटीने आणला! गुरुजी नुसते उभे होते."

सखू विहिरीवर वाकलेली. तिने मान वळवली नाही. दोराचं टोक मुठीत आलं होतं आणि पोहरा अजून कोरड्या दगडावर वाजत होता.

"ताईसाहेब, जरा हे टोक धरा."

इराने दोर धरला. सखूने कमरेचा पंचा सोडला, पीळ दिला आणि दोराला बांधला. पोहरा आणखी हातभर उतरला. मग पाणी लागल्याचा आवाज आला.

"काल सातव्या गाठीला होतं," सखू म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पाऊस चांगला झाला. इथून दिसला."

इथे अन्याय हा शब्द नाही, रडणं नाही. आसपास कोणी नसताना सखूच्या तोंडी 'ताईसाहेब' आलं, एवढ्याने जाणत्या वाचकाचे कान टवकारतात. इराचा आनंद खरा आहे, तो मी कमी केला नाही. तिला वेडगळ दाखवलं असतं तर प्रसंग सोपा झाला असता आणि खोटा पडला असता. सखू सत्य सांगायच्या काठावर येते आणि मागे फिरते, कारण सांगून टाकण्याची किंमत तिला अजून परवडत नाही.

भांडण लिहाच

पुढे इराला कळतं. ती हादरते आणि मोठ्या मनाने म्हणते, "मी आता पाऊसच आणणार नाही." नवा लेखक इथे दोघींना गळ्यात पाडून मोकळा होतो. तसं करू नका. किंमत तपासा. इराने वचन थांबवलं तर गडाची टाकी आटतील. टाकी आटली की चारशे पायऱ्या पखाल घेऊन कोण चढणार? सखूचा बाप. म्हणजे इराचा त्यागसुद्धा सखूच्याच घरच्या पाठीवर पडतो. सखू भडकते, आणि तिने भडकायलाच हवं.

"तू आणलास तरी आम्ही, नाही आणलास तरी आम्हीच. तुला बरं वाटावं म्हणून बापाने किती खेपा करायच्या, सांग."

आता इरा दुखावते, आणि तिचंही चुकत नाही. तिने खरोखर जवळचं सगळ्यात मोठं काही सोडायची तयारी दाखवली होती. भांडणात दोघींचं बरोबर असलं पाहिजे. एक बरोबर आणि एक मूर्ख, असं भांडण वाचक दोन ओळींत ओळखतो आणि पुढे पान उलटतो.

या टप्प्यावर मी लिहिणं थांबवते आणि कागदावर एक यादी करते: इरा काय काय करू शकते, आणि प्रत्येकाची किंमत कोण भरेल. सखूला चोरून वचन शिकवलं, तर पकडल्यावर शिक्षा सखूला. बापाला पैसे दिले, तर पेठेत त्याच्याकडे संशयाने बघतील. दोघी पळून गेल्या, तर मागे राहिलेल्यांवर सूड उगवला जाईल. एकेक पर्याय असा गळत जातो. शेवटी एखादी कृती उरते, जिची किंमत प्रामुख्याने इरालाच पडते: भर दरबारात गाठींचा दोर घेऊन उभं राहायचं आणि आपल्या घराण्याच्या विद्येचा हिशेब सांगायचा. बुरुजावरचा हक्क तिचा जाईल, बापाचा मान जाईल. आणि यासाठीही तिला सखूच्या घरातला दोर मागावा लागतो, सखू नाही म्हणू शकते. कथानक असं सुचतं. कोणत्याही युक्त्यांच्या पुस्तकापेक्षा ही यादी मला जास्त उपयोगी पडली आहे.

शेवटाकडे जाताना

सखू ही हरवलेली राजकन्या निघाली, असा शेवट करू नका. एवढा वेळ उभा केलेला फरक त्याने एका फटक्यात रद्द होतो, आणि पखालीची मुलगी मैत्रीच्या लायकीची नव्हतीच, असा निकाल नकळत दिला जातो. तिला इराच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून मारूही नका. या दोन वाटा बंद केल्या की खरं काम समोर येतं: दोघी जिवंत, फरक बराचसा शाबूत, आणि तरी काहीतरी कायमचं हललेलं. माझ्या मसुद्यात दरबारानंतर गडाच्या दरवाजात गाठींचा दोर टांगायचा ठराव होतो, पाऊस बोलावण्याआधी पेठेला विचारावं लागतं. सखू इराशी लगेच पूर्वीसारखी बोलत नाही. तिला वेळ लागतो आणि मी तो वेळ देते.

मसुदा पुरा झाला की रंगीत पेन्सिली घेऊन बसा. दोघींना एकेक रंग द्या. कोण कोणाच्या घरी गेलं, कोणी कोणाची वाट बघितली, कोणी अन्न दिलं आणि कोणी खाल्लं, कोणी माफी मागितली, कोणाला दुखापत झाली, कोणाच्या मनात काय चाललंय ते वाचकाला किती वेळा सांगितलं, हे सगळं रंगवत जा. पानं एकाच रंगाने भरली तर दुसरीच्या घरी जाऊन एक प्रकरण लिहा, तिच्या घरच्यांसकट, पहिली तिथे नसताना. ते प्रकरण पुस्तकात ठेवायचं की नाही ते नंतर ठरवा. लिहून झाल्यावर आधीचे संवाद परत वाचा. त्यांतले निम्मे तरी बदलावे लागतील, आणि तसे ते बदला.